काल बाजूच्या मशीनवर, आज शिफ्टची जबाबदारी
कामाच्या जागेबद्दल वाचकांचे प्रश्न

हाताखालची माणसं मनापासून काम करतील असं काय करायचं, हा या वेळच्या सगळ्या पत्रांमागचा प्रश्न. ‘प्रेरणा’ हा शब्दही जवळपास प्रत्येक पत्रात आहे. उत्तरांत तो फारसा सापडणार नाही. ओटीचा (ओव्हरटाइमचा) कागद, रजेचा तक्ता आणि औषधांचा ट्रे मात्र सापडेल.

चाकणला सुट्या भागांच्या कारखान्यात नऊ वर्षं सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर ऑपरेटर होतो. दोन महिन्यांपूर्वी त्याच लाइनवर शिफ्ट सुपरवायझर झालो. हाताखाली 14 जण. त्यातले पाच माझ्याबरोबरच कामाला लागलेले, एका डब्यात जेवलेले. काही सांगितलं की ‘साहेब झालास का?’ म्हणतात. कडक वागलो तर अबोला, सैल सोडलं तर वरून बोलणी. मधला रस्ता कोणता?

कडक की सैल, हा तुमच्या आवाजाचा प्रश्न झाला. माणसं आवाजापेक्षा वाटप बघतात. ओटी कोणाला मिळते, रविवारी कोणाला बोलावलं जातं, नव्या मशीनवर कोण उभा राहतो आणि सारखी बंद पडणारी मशीन कोणाच्या गळ्यात येते. या चार गोष्टींत तुमचे पाच मित्र कुठे आहेत, याचा हिशोब उरलेल्या नऊ जणांनी पहिल्याच आठवड्यात मांडलेला असतो. तुम्ही मांडलाय का?

नसेल तर आज मांडा. एका कागदावर 14 नावं, पुढे चार रकाने: ओटीचे तास, रविवार, नवं काम, कटकटीचं काम. रोज शिफ्ट संपताना भरायचा, दोन मिनिटं लागतात. महिन्याची बेरीज करून तो लाइनच्या फळ्यावर लावा. ओटीला कायद्याने दुप्पट दर असतो, त्यामुळे त्या तासांवर कोणाच्या गाडीचा हप्ता, कोणाच्या पोराची फी अवलंबून असते. एखाद्याला तास जास्त गेले असतील तर कारण तिथेच लिहा: ‘या पार्टचं सेटिंग याला एकट्यालाच येतं.’ असं कारण दोन महिने लागोपाठ लिहावं लागलं, तर ते सेटिंग दुसऱ्या कोणाला तरी शिकवायची वेळ झाली, हेही त्याच कागदावरून कळतं.

पुढचं काम म्हणजे प्रत्येकाशी एकट्याने 15 ते 20 मिनिटं बोलणं. महिन्यात सगळे 14 उरकतात. सुरुवात मित्रांपासून करू नका. ऑफिसातही बोलावू नका. काचेच्या खोलीत कोणी गेलं की बाहेर ‘याचं काय चुकलं’ ही चर्चा सुरू होते. कँटीनचा कोपरा पुरतो. प्रश्न तीनच: काम कुठे अडतं? काय शिकायची इच्छा आहे? मी काय करू नये असं वाटतं? तिसऱ्या प्रश्नावर आधी ‘काही नाही, सगळं ठीक’ असंच येईल. लगेच दुसरा विषय काढू नका, जरा थांबा. खरं उत्तर बहुतेकदा उठता उठता येतं.

मग ऐकलेल्यातली एक तरी बारीक गोष्ट आठवड्याच्या आत करून दाखवा. समजा कोणी म्हणालं, इन्सर्ट (धातू कापणारं पातं) झिजला की टूल क्रिबपर्यंत, म्हणजे हत्यारांच्या खोलीपर्यंत जाऊन, सही करून, परत येईपर्यंत दहा मिनिटं मोडतात आणि तेवढा वेळ मशीन रिकामी. तर शिफ्टच्या सुरुवातीलाच दोन जास्तीचे इन्सर्ट सही करून मशीनच्या ट्रेमध्ये ठेवायची परवानगी तुम्ही काढा. हे वरून मिळवणं ऑपरेटरच्या हातात नाही, तुमच्या हातात आहे. सुपरवायझर कशाला हवा, ते अशा वेळी दिसतं.

शिफ्ट सुरू होताना उभ्या उभ्या पाच मिनिटं घ्या. काल किती पार्ट निघाले, किती रिजेक्ट झाले आणि कशामुळे. आज कोण नाही आणि त्याची मशीन कोण बघणार. सुरक्षेची एक गोष्ट. काही बदल असेल तर तो. रागवायचं असेल तर ते नंतर, एकट्याला बाजूला घेऊन. पाचाची पंधरा मिनिटं झाली की मागच्या रांगेत मोबाइल निघतात.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले कारखाने रातोरात वाढले, तेव्हा फोरमन तयार करायला 1940 ते 1945 या काळात एक सरकारी प्रशिक्षण चाललं. युद्धानंतर ते जपानला गेलं आणि टोयोटाने उचललं. माणसं सांभाळण्याचे त्यात चारच पायाभूत नियम होते. काम कसं चाललंय ते ज्याचं त्याला कळू द्या. चांगलं केलं तर वेळीच सांगा. ज्या बदलाची झळ बसणार तो आधी कानावर घाला. आणि ज्याच्या अंगात जे आहे ते वापरा. आपल्याकडे मोडतो तो तिसरा. शिफ्ट बदलल्याचं माणसाला गेटवरच्या कागदावरून कळतं, आणि मग ‘यांना कामाची आपुलकीच नाही’ म्हणून आपणच तक्रार करतो.

राहिला ‘साहेब झालास का?’ त्या पाच जणांना एकेकटं गाठून एकदाच सांगा: ‘बाहेर आपण होतो तसेच आहोत. पण लाइनवर तुला सूट दिली तर बाकीचे नऊ जण माझ्यावर नाही, तुझ्यावर खार खातील.’ अरे-तुरे बंद करायला जाऊ नका. ते बंद केलंत की खरोखरच साहेब झालात. एका बाबतीत मात्र ना मित्र ना कोणी: गार्ड (मशीनचं संरक्षक झाकण) काढून मशीन चालवताना कोणी दिसला की तिथल्या तिथे मशीन बंद.

तळोज्यात पॅकिंग विभाग सांभाळतो. 18 माणसं, पैकी 11 कोकणातली. गणपतीला अकराच्या अकरा जणांना सुट्टी हवी असते. गेल्या वर्षी मी पाच अर्ज नाकारले, तर पाचही जण चतुर्थीला ‘आजारी’ पडले. माणसांना सांभाळून घ्यायचं म्हणजे काम बंद ठेवायचं का?

ते पाच जण खोटं बोलले हे खरं. पण त्यांच्यासमोर दुसरा रस्ता होता का? अर्ज केला तर ‘नाही’, न करता गेलं तर ‘गैरहजर’. आजारपण हाच एक दरवाजा उघडा होता.

आधी आकडा नीट मांडू. तीन लाइन, प्रत्येकी पाच माणसं आणि लोडिंगला तीन, असा तुमचा 18 चा हिशोब पत्राच्या पुढच्या भागात दिला आहे. गणपतीत दोनच लाइन चालवल्या, वेग कमी ठेवून प्रत्येकी चार माणसं लावली आणि लोडिंगला दोन, तर 10 जणांत भागतं. म्हणजे एका दिवशी आठ जण जाऊ शकतात. प्रश्न अकरा जणांचा नाहीच, तीन जणांचा आहे. तिघांसाठी मार्ग निघतो. ‘सगळ्यांनाच सुट्टी हवी’ असं म्हणत बसलं की कोणासाठीच निघत नाही.

तिसऱ्या लाइनचा माल आधीच्या तीन आठवड्यांत थोडा थोडा पुढे काढून ठेवावा लागेल. त्यासाठी डिस्पॅच आणि गोडाऊनशी जूनमध्येच बोला. ऑगस्टमध्ये बोललात तर जागा नाही म्हणतील.

मग त्या अकरा जणांना एकत्र बसवा आणि ‘किती दिवस हवेत’ असं विचारू नका. विचारा, ‘तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?’ दीड दिवसाचा, पाच दिवसांचा, गौरीबरोबर जाणारा, अनंत चतुर्दशीपर्यंतचा, प्रत्येक घरचं वेगळं असतं. ज्याच्या घरी अकरा दिवस मूर्ती आहे आणि पूजेला भाऊ गावातच आहे, तो गौरीच्या आदल्या दिवशी निघाला तरी चालतं. कोणाचा गणपती या वर्षी चुलत्याकडे बसतो. कोणाला बायकोच्या माहेरी फक्त गौरीला पोहोचायचं असतं. बोलता बोलता तीनातले दोन तरी स्वतःहून मागे सरकतात. उरलेल्या एकासाठी आधीच्या वर्षांत कोण थांबलं होतं ते बघा. जो थांबला होता तो या वर्षी पहिला जाणार. तोंडी ठेवू नका, तक्ता फळ्यावर लावा.

तारीख पाळणं फार महत्त्वाचं. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि कोकणातल्या गाड्या बघता बघता भरतात. तुमचा निर्णय चतुर्थीच्या किमान 75 दिवस आधी झालेला हवा. महिनाभर आधी दिलेली मंजुरी म्हणजे तिकीट नसलेली सुट्टी.

आणि उरलेले सात जण! ‘त्यांना काय, त्यांच्याकडे गणपती नसतो’ असं कोणाच्या तोंडून येऊ देऊ नका. दहा दिवस ओझं तेच ओढतात. त्यांची दिवाळी, छठ, ईद किंवा गावची जत्रा त्याच तक्त्यात पहिल्या पसंतीने आधी लिहा, मग गणपतीचे रकाने भरा.

शाबासकी द्यावी असं सगळीकडे वाचतो. मी रोज सगळ्यांना ‘व्हेरी गुड’ म्हणतो. काही फरक पडत नाही.

रोज सगळ्यांना म्हणता, म्हणूनच. काय चांगलं झालं ते आणि त्याने कोणाचं काय वाचलं ते, असे दोन भाग वाक्यात हवेत. ‘काल ट्रक उभा असताना बिलातला पिनकोड चुकलाय हे तू पकडलंस, नाहीतर माल नाशिकऐवजी नगरला गेला असता.’ त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. आठवड्यात असं एक वाक्य एका माणसाला मिळालं तरी भरपूर. ‘महिन्याचा उत्तम कर्मचारी’ असा फोटो लावण्यापूर्वी मात्र विचार करा: चौथ्या महिन्यापासून तो आळीपाळीने द्यावा लागतो आणि तेव्हा त्याची किंमत फोटोफ्रेमएवढी उरते.

30 खाटांच्या मेडिसिन वॉर्डची मी इन्चार्ज आहे. औषधाची चूक झाली की सिस्टर मला सांगत नाहीत, डॉक्टरांकडून किंवा नातेवाइकांकडून कळतं. मी ओरडणारी नाही. तरी असं का?

तुम्ही ओरडत नसाल. पण चूक सांगितल्यावर पुढे काय होतं ते बघा. मेमो निघतो का? मेट्रनच्या (परिचारिकांच्या प्रमुखांच्या) मीटिंगमध्ये नाव घेतलं जातं का? पुढच्या महिन्यात नाइट वाढतात का? यातलं एक जरी होत असेल तरी सिस्टरांना तुमच्या गोड आवाजाचा उपयोग नाही.

1990 च्या दशकात एमी एडमंडसन या संशोधिकेने अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधांच्या चुका तपासल्या, तेव्हा त्यांना उलटंच चित्र दिसलं. ज्या वॉर्डांत प्रमुख चांगली आणि माणसं एकमेकांशी बोलणारी, तिथेच चुकांची नोंद जास्त. त्यांनी लावलेला अर्थ असा, की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, लपवल्या कमी जात होत्या. तेव्हा वही कोरी असणं ही वॉर्डाची शाबासकी समजू नका.

कोणी चूक सांगायला आलं की प्रश्नांचा क्रम ठरवून ठेवा. पेशंट आता कसा आहे? डॉक्टरांना कळवलं का? तू ठीक आहेस ना? ‘कोणी दिलं?’ हा चौथा प्रश्न. बहुतेकदा तो विचारायची वेळच येत नाही, समोरची स्वतः सांगते.

नोंदीसाठी अर्धं पान पुरे: वेळ, काय लिहिलं होतं, काय दिलं गेलं, पेशंटवर परिणाम काय, आणि चूक व्हायला काय कारण झालं. ड्युटी संपायच्या आत भरायचं. थोडक्यात टळलेली चूकही यातच. केस पेपरवर जे घडलं ते खरं आणि पूर्ण लिहिलं गेलंच पाहिजे, नातेवाइकांशी डॉक्टरांनी बोललंच पाहिजे. तिथे सवलत नाही. वॉर्डात चर्चेसाठी जी वही फिरते तिच्यात मात्र सिस्टरचं नाव नको.

शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. समजा ‘घाईत चुकीचं अ‍ॅम्प्यूल उचललं’ असं लिहून आलं. ‘लक्ष द्या’ असा शेरा मारून पान उलटू नका, उठून ट्रे बघा. अ‍ॅट्रोपिन आणि अ‍ॅड्रेनॅलिन, दोन्ही 1 मिलीची काचेची अ‍ॅम्प्यूल, दोन्हींवर मुंगीएवढी अक्षरं, आणि नावं ‘अ’पासून म्हणून कोणीतरी हौसेने शेजारी लावलेली. पहाटे चारला कोणाचाही हात चुकेल. दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत, मध्ये तिसरं औषध, कप्प्याच्या तोंडाशी ठळक नाव. पोटॅशियम क्लोराइडचं तीव्र द्रावण तर रोजच्या ट्रेमध्ये असूच नये. ते पातळ न करता शिरेतून गेलं तर हृदय बंद पडू शकतं. ते वेगळं, कुलपात. फोनवरची ऑर्डर लिहून घ्यायची आणि परत वाचून दाखवायची. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखंच ऐकू येतं, म्हणून आकडा सुटा सुटा: एक-पाच, की पाच-शून्य. औषधं वाटणाऱ्या सिस्टरला त्या वेळात हाक मारायची नाही, हे मावशींपासून ज्युनियर डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवा.

एक भेद मात्र कायम ठेवा. हात चुकणं वेगळं आणि समोर न बघता ‘दोघींनी तपासलं’ म्हणून सही ठोकणं वेगळं. पहिल्यावर ट्रे बदला. दुसऱ्यावर कारवाई करा, आणि ती होणार हे आधीच सांगा. सगळंच पोटात घातलं तर मन लावून तपासणाऱ्या सिस्टरला वाटतं, आपणच वेड्या.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत नोंदी वाढतील. हे मेट्रनना आधी जाऊन सांगा. नंतर सांगितलंत तर तो खुलासा होतो.

पतसंस्थेच्या शाखेत व्यवस्थापक आहे, वय 31. आमचे रोखपाल 56 वर्षांचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. नवीन सॉफ्टवेअर आल्यापासून ते संगणकाला हात लावत नाहीत, व्हाउचर हाताने लिहून पोरांकडे सरकवतात. त्यांचा मान कसा ठेवू आणि काम कसं करून घेऊ?

बहुतेक शाखांत असं शिकवलं जातं: शेजारची मुलगी माउस हातात घेते, ‘काका, हे असं, मग हे, मग सेव्ह, झालं!’ म्हणते आणि चाळीस सेकंदांत सहा स्क्रीन पळतात. काका मान डोलावतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा व्हाउचर सरकतं. यात हट्ट कमी आणि भीती जास्त. पैशाच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसाला चुकीचं बटण म्हणजे स्वतःच्या खिशातून भरपाई वाटते.

वर चाकणच्या उत्तरात ज्या प्रशिक्षणाचा उल्लेख आला, त्यातच शिकवण्याच्या चार पायऱ्या आहेत. तयारी: ग्राहक गेल्यावर, शटर अर्धं खाली, 20 मिनिटं, एकच व्यवहार. बचत खात्यात रोख भरणा, बस. त्यांना त्यातलं काय येतं ते आधी विचारा. किर्द आणि खतावणी त्यांना तुमच्यापेक्षा चांगली येते, स्क्रीन म्हणजे तीच खतावणी. दाखवणं: एक एक पायरी, आणि प्रत्येक पायरीचं कारण. ‘खाते क्रमांक टाकल्यावर नाव वाचायचं, कारण एक आकडा चुकला तरी पैसे दुसऱ्या सभासदाकडे जातात.’ करून बघणं: माउस त्यांच्या हातात, तुमचे हात पाठीमागे. हे शिकवणाऱ्याला जड जातं. आधी नुसतं करू द्या, मग ‘आता मला सांगत सांगत करा’. चुकलं तर एंट्री उलटी कशी फिरवायची ते पहिल्याच दिवशी दाखवा. भीती तिथे संपते. शेवटी पाठपुरावा: दुसऱ्या दिवशी काउंटरवर पहिले पाच भरणे ते करतील, अडलं तर कोणाला विचारायचं ते नाव ठरलेलं. पुढच्या आठवड्यात पैसे काढणं, मग मुदत ठेव. आणि हो, त्या दिवसापासून पोरांनी त्यांचं व्हाउचर घ्यायचं नाही. ही ताकीद पोरांना, त्यांच्यासमोर नाही.

मानाचं म्हणाल तर ‘अहो’ आणि ‘काका’ आहेतच, पण तेवढ्याने भागत नाही. थकबाकीदारांच्या तीन पिढ्या ते ओळखतात. कोण पैसे असून देत नाही आणि कोणाचा ऊस कारखान्याने उशिरा उचलला म्हणून हप्ता चुकला, ते यादीवर कळत नाही. वसुलीच्या यादीवर महिन्यातून एकदा त्यांना तुमच्या शेजारी बसवा आणि नव्या मुलांना ते शिकवू द्या.

टीममधला एक चांगला मुलगा तीन-चार आठवड्यांपासून गप्प आहे. उशिरा येतो, जेवायला एकटा जातो, कामात चुका. विचारावं की नाही? खासगी गोष्टीत नाक खुपसल्यासारखं होईल का?

विचारा, पण जे दिसलं त्याबद्दल. ‘तुला डिप्रेशन आलंय का?’ असं नको. निदान करणं तुमचं काम नाही. ‘गेल्या तीन आठवड्यांत चार वेळा उशीर झाला, जेवायलाही आमच्यात नसतोस. असा तू नाहीस, म्हणून विचारतोय.’ मग गप्प राहा. ‘काही नाही’ म्हणाला तर तेवढ्यावर सोडा आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा एकदा विचारा. दुसऱ्यांदा विचारल्यावर विचारणं खरं वाटतं.

बोललाच तर ‘अरे, सगळ्यांनाच टेन्शन असतं’ हे वाक्य गिळा. तुमच्या हातात काय आहे तेवढंच द्या: दोन आठवड्यांसाठी वेळ पुढेमागे, एखादी डेडलाइन दुसऱ्याकडे, रजा. मुदत ठरवून द्या, नाहीतर बाकीच्यांना ते कायमची सूट वाटते. तो जे बोलला ते टीमला सांगू नका. ‘त्याची दोन आठवडे वेळ बदलली आहे’ एवढं पुरतं. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलते, तो क्रमांक त्याला द्या. जगण्यात अर्थ नाही, सुटका हवी, असं काही त्याच्या तोंडून आलं तर मात्र गुप्ततेचा विचार बाजूला ठेवा: त्याला एकटं सोडू नका, त्याच्या संमतीने घरच्या ज्या माणसावर त्याचा विश्वास आहे त्याला बोलवा, संमती नसली तरी कोणालातरी बोलवाच, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.